व्हील ऑफ टाइमचा दहावा भाग तुम्ही कसा पार केलात?

उंबरठा (धागाकर्ती)

'व्हील ऑफ टाइम' वाचलेली दोन माणसं भेटली की फार वेळ न जाता गाडी दहाव्या भागावर येते. 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट', जानेवारी २००३. कुणी तिथेच मालिका सोडलेली असते, कुणी पानं ढकलत पुढे गेलेलं असतं, आणि एखादा हळूच सांगतो की मला आवडलं होतं बुवा. असे सगळे इथे हवे आहेत. कधी वाचलंत, कसं वाचलंत, कुठे अडलात, सविस्तर लिहा.

ज्यांना मालिका माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रॉबर्ट जॉर्डन यांनी १९९० मध्ये सुरू केलेली ही चौदा भागांची कल्पनारम्य गोष्ट, शिवाय एक पूर्वकथा. सप्टेंबर २००७ मध्ये जॉर्डन गेले तेव्हा अकरा भाग झाले होते. उरलेली गोष्ट त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी तीन भागांत लिहिली आणि जानेवारी २०१३ मध्ये संपवली. नवव्या भागाच्या शेवटी नायक रँड आणि त्याची साथीदार नायनीव मिळून जादूच्या पुरुषांच्या वाट्याला आलेल्या अर्ध्या भागातलं विष धुऊन काढतात. तीन हजारांहून जास्त वर्षं ती जादू वापरणारा प्रत्येक पुरुष वेडा होत आलेला असतो, म्हणजे घटना केवढी मोठी! आणि दहावा भाग काय करतो, तर घड्याळ मागे नेतो. मॅट, पेरिन, इलेन, एग्वेन ही बाकीची मुख्य पात्रं त्या दिवशी आपापल्या ठिकाणी काय करत होते ते दाखवत बसतो. स्वतः रँड एखाद-दुसऱ्या प्रकरणापुरता.

खाली रहस्यभेद असणार. न वाचलेल्यांनी आपल्या जबाबदारीवर पुढे जावं.

जुनी वही

मी वाट बघणाऱ्यांपैकी. नववा भाग २००० च्या शेवटी आला तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो, दहावा आला तेव्हा नोकरी शोधत होतो. त्या काळी पुण्यात नवीन हार्डकव्हर घेणं आमच्या खिशाला झेपणारं नव्हतं. एका मित्राच्या आतेभावानं अमेरिकेहून येताना प्रत आणली आणि ती आमच्या पाच-सहा जणांत फिरली. नंबर लावून वाचायचो. माझ्या आधी ज्याचा नंबर होता त्यानं पुस्तक हातात देताना एवढंच म्हटलं, "घाई करू नकोस, काही होत नाही."

खरंच काही होत नाही हो! लघुकादंबरीएवढा लांब उपोद्घात. मग एकेक जण क्षितिजाकडे बघतो, तिकडे कुणीतरी प्रचंड शक्ती वापरतंय असं त्याला जाणवतं, आणि तो परत आपल्या कामाला लागतो. ते कोण आणि काय ते आम्हाला आधीच माहीत. दोन वर्षं आम्ही पैजा लावल्या होत्या की आता काळ्या मनोऱ्यातले जादू येणारे पुरुष काय करतील, समुद्रापलीकडून चालून आलेले सीनशान काय करतील, आणि लेखक आम्हाला घोड्यांचे खोगीर आणि बायकांच्या पोशाखावरचं भरतकाम दाखवतोय.

टाचणी

पेरिन नवव्यात फाईल (म्हणजे त्याची पळवून नेलेली बायको) शोधतोय, दहाव्यात फाईल शोधतोय, मिळाली अकराव्यात. सरकारी कचेरीतसुद्धा एवढा वेळ लागत नाही.

निळी शाई

मी लॉकडाऊनमध्ये किंडलवर सगळे भाग सलग वाचले. खरं सांगायचं तर दहावा संथ आहे हे मला नंतर इतरांचं वाचून कळलं. मला तो नवव्याचा लांबलेला शेवट वाटला आणि संपला त्याच संध्याकाळी अकरावा उघडला. तुम्हा मंडळींचा राग पुस्तकावर कमी आणि मधल्या वर्षांवर जास्त आहे, असं माझं मत.

उलट मला तो 'तोच दिवस पुन्हा पुन्हा' प्रकार पटला. एवढी मोठी घटना घडते आणि जगाला तिचा अर्थच लागत नाही. कुणाला वाटतं हे शत्रूचं अस्त्र, कुणी घाबरून उपाययोजना करायला धावतं, आणि विष खरंच गेलं असं कुणी सांगितलं तरी विश्वास कोण ठेवणार? तेव्हा घरात बसून रोज फोनवर उलटसुलट बातम्या वाचत होते, त्यामुळे असेल, पण हा भाग मला फार खरा वाटला.

जुनी वही

@निळी शाई, कल्पना चांगली आहे, मान्य. पण ती दोन प्रकरणांत कळते. सहाव्यांदा तेच क्षितिज बघताना नवीन काय मिळतं? आणि 'सलग वाचा म्हणजे चांगलं वाटेल' ही तर पुस्तकाच्या बाजूनं फारच लंगडी वकिली झाली. दहावा भाग लोकांनी २००३ मध्ये पैसे मोजून, एक पुस्तक म्हणून विकत घेतला होता. न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर होता. एवढे लोक दोन वर्षं थांबले होते, त्यांच्याशी हा असा व्यवहार?

ओसरी

तुम्ही सगळे सो हाबोर विसरलात का?

आमचं बार्शीकडे आडत दुकान. लहानपण पोत्यांच्या थप्प्यांवर गेलं. पेरिनची फौज उपाशी आहे म्हणून तो नदीकाठच्या सो हाबोर गावात धान्य घ्यायला जातो, ती प्रकरणं मी रात्री वाचली आणि झोप उडाली. गावातली माणसं कळकट, अंघोळी नाहीत, डोळ्यांत भीती, रस्त्यांवरून मेलेली माणसं फिरतात. आणि पोती उघडली की आत सोंडे वळवळतायत. ते धान्य कडाक्याच्या थंडीत बाहेर काढून उफणायचं, किडे उडवायचे आणि उरलेलं घेऊन जायचं, कारण दुसरीकडे काही मिळणारच नाही. पैसे मोजून!

किडकं धान्य म्हणजे काय हे ज्यानं पाहिलंय त्याला ड्रॅगनची, राक्षसांची गरज नाही. पोत्यात हात घातल्यावर तो गरम लागतो, कुबट वास येतो, तेव्हा आमचे वडील काही न बोलता मान हलवायचे. जगाचा शेवट जवळ आलाय हे जॉर्डननी त्या पोत्यांतून दाखवलंय. आकाशात वीज कडाडून दाखवणारे लेखक पुष्कळ आहेत. फौज काय खाते हा प्रश्न विचारणारे किती?

टाचणी

@ओसरी +१. फाईलची थट्टा केली, पण हे प्रकरण अंगावर येतं, खरंय.

रिकामा तंबू

सो हाबोरनंतर लगेच कुऱ्हाडीचं प्रकरण येतं, त्याबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही?

पहिल्या भागात लांडग्यांशी बोलणारा इलायस पेरिनला सांगतो की ज्या दिवशी या कुऱ्हाडीचा तिटकारा वाटेनासा होईल त्या दिवशी ती लांब फेकून दे. १९९० मध्ये पेरलेली गोष्ट. दहाव्यात बायकोचा ठावठिकाणा काढण्यासाठी पेरिन तिला पळवणाऱ्या शायडो टोळीतल्या एका कैद्याचा हात तोडतो. बाकीच्यांना थंडपणे सांगतो की बोलला नाहीत तर यापुढे काय होईल. आणि मग ती कुऱ्हाड फेकून देतो. मोठं भाषण नाही, रडारड नाही. जॉर्डन व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टरवर गनर होते. ते प्रकरण वाचताना ही माहिती मला बाजूला ठेवता येत नाही. चांगला माणूस चांगल्या कारणासाठी काय करून बसतो, आणि करताना हात थरथरला नाही याचीच त्याला कशी धास्ती वाटते, हे त्यांनी कुठल्या ग्रंथालयात बसून शोधलेलं वाटत नाही.

बाकी शेकडो पानं काढून टाका, मला हरकत नाही. हे प्रकरण राहू द्या.

तिसरा फलाट

मी ऐकलं. मायकेल क्रेमर आणि केट रीडिंग यांचं वाचन, पंचवीस तासांच्या वर, कर्जत लोकलमध्ये. ऐकण्याचा एक फायदा, कंटाळा आला तरी गाडी चालूच राहते. इलेन अंघोळ करते, चहा पिते, गरोदरपणात दाई तिला काय खायला देते यावर कुरकुरते... कल्याण गेलं तरी बाई टबातच. पण केट रीडिंग तो वैताग इतका छान वाचते की एकदा मोठ्यानं हसलो आणि शेजारच्या काकांनी वर्तमानपत्राच्या वरून पाहिलं.

पारावरचा

इलेनच्या प्रकरणांना सगळे शिव्या देतात म्हणून तिची बाजू मांडतो. अँडॉरच्या गादीसाठी एकोणीस मोठ्या घराण्यांपैकी दहांचा पाठिंबा लागतो. कोण आपल्याकडे, कोण समोर, कोण कुंपणावर, कुणाचा वारस अजून पोरवयाचा, कुणाला कुठे नेऊन ठेवलंय! मी २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये हा भाग दुसऱ्यांदा वाचत होतो. टीव्हीवरही आकडेच चालले होते. पहिल्या वाचनात ज्या पानांवर पेंगलो होतो तीच पानं बोट ठेवून वाचली. ज्याला महाराष्ट्रात राहून हे कंटाळवाणं वाटतं त्याला मी काय सांगू?

(अंघोळ मात्र जास्तच आहे.)

कोरा कागद

मी तिथेच सोडलं आणि परत गेलो नाही. 'पुढे फार छान होतं' असं सांगणारे प्रत्येक लग्नात एक तरी भेटतात. असेलही. पण आठवा, नववा आणि दहावा अशा तीन भागांत मला मिळालेला आनंद एका चांगल्या कथेएवढा होता, आणि वाचायची इतर पुस्तकं घरात पडून होती. २०२१ मध्ये मालिका पडद्यावर आली तेव्हा वाटलं, निदान गोष्ट तरी कळेल. तीन सीझन झाले आणि २०२५ मध्ये तीही बंद पडली, दहाव्या भागाच्या आसपाससुद्धा न पोहोचता. आता शेवट कुणी सांगू नका, आणि वाचायलाही सांगू नका.

सर्कशीतली

मॅट आणि टुऑनसाठी मी हा भाग तीनदा वाचलाय. वालान लुकाच्या सर्कशीत लपूनछपून प्रवास, तो तिला खूश करायला धडपडतोय, ती त्याला 'टॉय' म्हणून हाक मारतेय, रात्री सोंगट्यांचे डाव. मालिकेत इतकं मिश्कील प्रेमप्रकरण दुसरं नाही. फक्त एक गोष्ट टोचत राहते. टुऑन ज्या सीनशान साम्राज्याची वारस आहे तिथे जादू येणाऱ्या बायकांच्या गळ्यात पट्टा घालून त्यांना पाळतात, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही. ती गोड आहे, हुशार आहे, न्यायी आहे, आणि तिला हे नैसर्गिक वाटतं. जॉर्डन आपल्याला तिच्या प्रेमात पाडतात आणि या प्रश्नातून सोडवत नाहीत. हे जाणूनबुजून केलंय असं मी मानते, पण प्रत्येक वेळी वाचताना माझी खात्री थोडी कमी होते.

उंबरठा

आता माझी पाळी. एग्वेन.

तार व्हॅलोन, म्हणजे एस सेडाय या जादू येणाऱ्या बायकांचा पांढरा मनोरा जिथे आहे ते शहर, त्याच्या वेशीवर तिची बंडखोर फौज बसलेली. तंबूंत बैठकांवर बैठका, एस सेडाय बायकांचं टोमणे मारणं, कोण कुणाशी आधी बोललं याचा हिशोब. एग्वेनचं डोकं रोज दुखतं आणि ज्या हलिमाच्या हातून ती डोकं चेपून घेते ती शत्रूच्या गोटातली आहे हे आपल्याला माहीत, एग्वेनला नाही. मी सरकारी शाळेत शिकवते. शिक्षकांच्या बैठकीत बसलेल्या कुणालाही ही प्रकरणं कंटाळवाणी वाटणार नाहीत. आणि शेवटी ती मुलगी दुसऱ्या कुणाला न पाठवता स्वतः रात्री होडीतून जाते, बंदराची लोखंडी साखळी न तुटणाऱ्या पदार्थात बदलून टाकते आणि पकडली जाते. पुस्तक तिथेच थांबतं. अकराव्या-बाराव्यात तीच एग्वेन मनोऱ्यात कैदी असताना जे काही करते ते या बैठकांशिवाय समजलंच नसतं. माणसं कशी वळवायची हे ती त्या तंबूंत शिकली.

@जुनी वही, तुमचा २००३ चा राग मला पटतो. तुमच्या जागी मीही चिडले असते.

जुनी वही

ताई, एग्वेनचा शेवट मीही मान्य करतो. पण साखळीपाशी पुस्तक थांबल्यावर पुढचा भाग २००५ मध्ये आला, आणि त्यानंतर दोन वर्षांत लेखकच गेले. आमच्या त्या प्रतीच्या टोळीतला एक जण तोवर मालिकेबद्दल बोलायचाच बंद झाला होता. सँडरसनचा पहिला भाग २००९ मध्ये आला तेव्हा मी त्याला तो भेट दिला. त्यानं दहाव्यापासून परत सुरुवात केली आणि आता म्हणतो, एवढा काही वाईट नव्हता. मी त्याच्याशी अजून भांडतो.

नवी पालवी

मी सध्या बाराव्या प्रकरणात आहे आणि इलेन अजून टबात आहे. हा धागा वाचून हुरूप आला. काही प्रकरणं सोडली तर चालेल का?

पारावरचा

अंघोळ सोडा, घराण्यांची नावं सोडू नका. अकराव्यात वेढा सुटतो तेव्हा कोण कुणाच्या बाजूनं उभं आहे ते कळणार नाही.

ओसरी

आणि पेरिनचं एकही पान सोडू नका. सो हाबोर शेवटच्या काही प्रकरणांत आहे. जेवून वाचायला बसू नका.