प्रतिसाद: पंचायतीचा पैसा कुठं जातो?

वर भाऊंनी लिहिलं की कामाची बातमी पेपरात येते तोवर बिल निघून गेलेलं असतं. खरं आहे. पण पेपरची वाट पाहताच कशाला? ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर गावाचं नाव टाका, आराखडा आणि खर्च दोन्ही दिसतात. पंधराव्या वित्त आयोगाचा (2021-26) 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा. "पैसेच नाही" म्हणून नालीसफाई टाळत असतील, तर आधी हे उघडून दाखवा.

खरी गोम तहकूब सभेत आहे. ग्रामसभेला गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, लागते 15 टक्के मतदार किंवा 100, यातला कमी आकडा. तेवढे जमले नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! मग पाच-दहा डोकी बसून ठराव होते. आमच्याकडे सूचनेचा कागद लसीकरणाच्या पोस्टरवर अर्धा चिकटवलेला असतो, वेळेची ओळ नेमकी घडीत जाते. आता हे मुद्दाम का आळसानं, देव जाणे. 15 ऑगस्टच्या सभेला तर बाया निंदणाला वावरात. त्यांची वेगळी महिला सभा आधी घ्यायची असते, ती बहुतेक रजिस्टरातच होते.

तेव्हा भाऊ, पहिल्याच सभेला शंभर माणूस नेऊन बसवा. आणि इतिवृत्त तिथंच वाचून घ्या, सही त्यानंतर.