सँग्विन की सँग्विनरी? थिबा राजावरून ग्रुपवर झालेली चर्चा

मुग्धा (ए-२०३): मुलाचं शाळेचं प्रोजेक्ट आहे, विषय थिबा पॅलेस, म्हणजे ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा रत्नागिरीतला वाडा. इंग्रजी मजकुरात थिबाला ‘सँग्विनरी किंग’ म्हटलंय. मोबाइलवर शोधलं तर ‘सँग्विन म्हणजे आशावादी’ असं येतंय. काय लिहायचं?

आपटे सर (बी-१०१): आशावादी अजिबात नको. शब्द दोन आहेत. शेवटच्या ए-आर-वाय या तीन अक्षरांच्या जागी नुसता ‘ई’ आला की अर्थ पार बदलतो. सँग्विनरी म्हणजे एक तर ‘रक्तपाताचा’ (लढाई, बंड, कालखंड), नाही तर ‘रक्ताला चटावलेला’ (माणूस, राजवट, कायदा). बोलताना जोर पहिल्या ‘सँग’वर.

मुग्धा (ए-२०३): मग दोन्ही इतके सारखे कसे?

आपटे सर (बी-१०१): मूळ एकच. लॅटिनमध्ये ‘सँग्विस’ म्हणजे रक्त. जुन्या युरोपी वैद्यकात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार रस धरत. ज्याच्यात रक्ताचा जोर, तो लालबुंद आणि उत्साही, अशी समजूत. त्यावरून सँग्विन ‘आशावादी’पर्यंत घसरत गेला. सँग्विनरी मात्र सांडलेल्या रक्तापाशीच राहिला.

दाजी (सी-००४): मगे आडाळ्यान बोट कापला तर ता सँग्विनरी बोट? 😄

आपटे सर (बी-१०१): नाही दाजी, ते नुसतं ‘ब्लीडिंग’. माणसांनी माणसं मारली तरच सँग्विनरी. म्हणून घाटातल्या अपघातालाही चालत नाही, कितीही रक्त सांडलं तरी. सिनेमातली मारामारी अंगावर आली तर ‘गोरी’. तो गोऱ्या रंगाचा नव्हे, ‘गोअर’चा, म्हणजे सांडलेल्या रक्ताचा.

डॉ. स्नेहा (ए-४०१): दवाखान्यात याचीच भावंडं भेटतात. ऑपरेशननंतर नळीतून येणारं पातळ गुलाबीसर पाणी म्हणजे ‘सेरोसँग्विनस’. रिपोर्टमध्ये हा शब्द दिसला म्हणून लगेच घाबरू नका, सुरुवातीला तसं येतंच. रंग गडद लाल झाला किंवा प्रमाण एकदम वाढलं तर मात्र लगेच कळवायचं. गरोदरपणाच्या केसपेपरवर ‘कन्सँग्विनियस मॅरेज’ असतं, म्हणजे रक्ताच्या नात्यातलं लग्न. मामाच्या मुलीशी झालं असेल तर ‘हो’. आणि होमिओपॅथीतलं ‘सँग्विनारिया’ हे एका झाडावरून आलेलं नाव. त्याच्या मुळातून तांबूस चीक येतो, एवढंच रक्त.

दाजी (सी-००४): म्हणजे आमचो रतांबो पण सँग्विनारियाच!

मुग्धा (ए-२०३): 😂 पण थिबाचं काय?

आपटे सर (बी-१०१): तिथे जरा जपून. थिबा १८७८ मध्ये गादीवर आला. १८७९ च्या फेब्रुवारीत राजधानी मंडालेच्या राजवाड्यात कितीतरी राजपुत्र-राजकन्या मारल्या गेल्या. बेत थिबाची सासू (आधीच्या राजाची राणी) आणि दरबाऱ्यांचा होता, असं बऱ्याच इतिहासकारांचं मत. पण इंग्रजी वर्तमानपत्रांनी खापर थिबावर फोडलं आणि त्याला रक्तपिपासू ठरवलं. राज्य गिळायला असं विशेषण सोयीचं पडतं. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रज मंडालेत शिरले तेव्हा राजधानीत लढाई झालीच नाही, थिबा शरण आला. त्या प्रवेशाला ‘ब्लडलेस’ म्हणता येईल. खरा सँग्विनरी काळ त्यानंतरचा. बर्मी लोकांचा प्रतिकार पुढे कित्येक वर्षं चालला आणि इंग्रजांनी तो गावं जाळून मोडला. तोवर इंग्रजांनी राजाला हद्दपार करून इकडे रत्नागिरीत आणलं होतं. १९१६ मध्ये इथेच वारला.

म्हणून प्रोजेक्टमध्ये ‘थिबा वॉज अ सँग्विनरी किंग’ असं थेट लिहू नका. ‘द ब्रिटिश प्रेस कॉल्ड हिम सँग्विनरी’ लिहा. म्हणणारा कोण ते वाक्यात दिसायला हवं.

मुग्धा (ए-२०३): मराठीत ‘रक्तरंजित राजा’?

आपटे सर (बी-१०१): नको, तो रंगपंचमी खेळून आल्यासारखा वाटेल. राजा ‘रक्तपिपासू’, इतिहास किंवा संघर्ष ‘रक्तरंजित’, जखमी माणूस ‘रक्तबंबाळ’. इंग्रजीत पहिल्या दोघांना सँग्विनरी एकटा पुरतो, तिसऱ्याला तो लागतच नाही.

निखिल (बी-३०४): सर, स्पर्धा परीक्षेत विरुद्धार्थी विचारतात.

आपटे सर (बी-१०१): सँग्विनरीचा ‘ब्लडलेस’ किंवा ‘पीसफुल’. पर्यायांत ‘पेसिमिस्टिक’ मुद्दाम ठेवतात, तो सँग्विनचा विरुद्धार्थी. वाक्यात ‘अबाउट’ दिसलं तर बहुधा सँग्विन: ‘सँग्विन अबाउट द रिझल्ट’. सँग्विनरीला असं शेपूट लागत नाही, तो नामाच्या आधी बसतो: ‘अ सँग्विनरी बॅटल’.

निखिल (बी-३०४): सरळ ‘ब्लडी बॅटल’ चालेल ना?

आपटे सर (बी-१०१): चालेल, उलट रोजच्या इंग्रजीत तेच जास्त. फक्त ‘ब्लडी’ ही शिवीही आहे. १९१४ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर ‘पिग्मॅलियन’ नाटकात तो उच्चारला गेला तर केवढा गहजब! तो छापायला कचरणारे त्या जागी गमतीने ‘सँग्विनरी’ घालत. म्हणून जुन्या विनोदी लेखनात ‘सँग्विनरी फूल’ दिसला तर तिथे रक्त शोधू नका, शिवीच आहे ती.

सेक्रेटरी (बी-२०२): चर्चा छान. वर माझा मेसेज गाडला गेलाय म्हणून पुन्हा: उद्या टाकी धुणार, ११ ते २ पाणी बंद.

दाजी (सी-००४): वाचलंय. आमी त्याबाबत सँग्विन नाय. 😄