मदत हवी आहे: पाचवीतल्या लेकीसाठी क्लास की घरी शिकवणी?

नमस्कार मंडळी. आम्ही डोंबिवलीत राहतो. दोघांच्याही नोकऱ्या मुंबईत. सकाळी 7.40 ची लोकल पकडतो आणि घरात पाय टाकेपर्यंत रात्रीचे साडेआठ. लेक पाचवीत, सेमी इंग्रजीला. म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीत.

चौथीपर्यंत सासूबाई अभ्यास घ्यायच्या. आता अपूर्णांक आले आणि त्यांनी हात टेकले. "छेद-अंश म्हण, मी शिकवते. हे न्यूमरेटर काय ते तुझं तू बघ," असं तिला सांगून मोकळ्या झाल्या! पाढे मात्र अजून त्याच घेतात, रोज, दिवेलागणीला.

राज्यात पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास फेरपरीक्षा, त्यातही अडलं तर पुन्हा पाचवीच. त्यामुळे जरा धास्ती आहे.

जवळच्या क्लासमध्ये एका बॅचला तीसेक मुलं. पोरगी लाजाळू, तिथे शंका विचारायची नाही. तिच्याच शाळेतल्या बाईंना विचारावं असं एकीने सुचवलं, पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही, म्हणून तो विषय सोडला. ऑनलाइन नको. मोबाइल हातात आला की अभ्यास राहतो बाजूला.

आठवड्यातून तीन दिवस, फक्त गणितासाठी, घरी येणारी एखादी कॉलेजची मुलगी पुरेल का? की अनुभवी निवृत्त शिक्षिकाच शोधू? फी महिन्यावर ठरवता की तासावर? आणि आम्ही घरी नसताना शिकवणं नीट चाललंय हे तुम्ही कसं बघता?