भिंतीतून स्पीकरची वायर न्यायची आहे, सोमवारच्या आत मदत हवी

सांजवारा
हॉलमध्ये ५.१ साउंड सिस्टिम बसवतोय, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. मागच्या दोन स्पीकरची वायर अजिबात दिसायला नको. इलेक्ट्रिशियन म्हणतो, प्लगच्या पाइपातूनच ओढून देतो, अर्ध्या तासाचं काम. सोमवारी रंगारी येतोय. कुठली वायर आणू? त्याच पाइपातून नेली तर चालेल ना?

वायरमन_काका
नाही चालणार. ओढताना २३० व्होल्टच्या वायरचं इन्सुलेशन खरचटलं, तर करंट थेट अँप्लिफायरच्या मागच्या टर्मिनलवर येईल, जिथे तुमचा हात जातो. शिवाय स्पीकर गुणगुणू शकतो तो वेगळाच. २५ एमएमचा स्वतंत्र पाइप टाका, लाइटच्या पाइपापासून फूटभर लांब. ओलांडावाच लागला तर काटकोनात.
भिंत विटेची, ब्लॉकची की आरसीसी? अंतर किती? स्पीकर किती ओहमचे?

तानपुरा
ऑक्सिजन फ्री कॉपरची, म्हणजे अतिशुद्ध तांब्याची वायरच घ्या. मी साधी वायर काढून ती टाकली, तेव्हा तबल्याची थाप पहिल्यांदा नीट ऐकली.

रेवा
भिंत कशाला फोडता? वायरलेस घ्या.

वायरमन_काका
रेवाताई, वायरलेस स्पीकरलाही वीज लागतेच. मग मागे प्लग काढा.

मीठभाकरी
टीव्ही किती उंचीवर लावलाय? बसल्यावर डोळ्यांच्या पातळीत हवा. आम्ही वर लावला आणि आईची मान धरली.

सांजवारा
टीव्हीचं काम झालंय हो! वायरचं सांगा. मायवनची बिल्डिंग आहे, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून केलेली, सगळ्या भिंती तशाच. अंतर बारा-तेरा फूट असेल.

पाया_पक्का
मायवन असेल तर ग्राइंडर लावूच देऊ नका. या बांधकामात काँक्रीटची भिंतच इमारतीचा भार घेते. झिरी मारताना सळई कापली गेली, तर नुकसान तुमच्या एकट्याच्या घराचं नाही. मी साइटवर असताना एकाने एसीच्या पाइपसाठी असंच केलं होतं. उघडी पडलेली सळई अजून डोळ्यांसमोर आहे. फॉल्स सीलिंग करताय का?

सांजवारा
हो, कडेने चारी बाजूंनी. सांगाडा झालाय, शनिवारी बोर्ड लागणार.

वायरमन_काका
अहो, हे आधी सांगायचं! मग भिंतीला हात लावायची गरजच नाही. बोर्ड लागायच्या आत वरून पाइप फिरवा. वळणाला एल्बो (काटकोनी जोड) नको, लांब बेंड वापरा, नाहीतर पुढे वायर बदलायची वेळ आली तर ती अडकेल. मागच्या कोपऱ्यात पडद्याआडून वायर झाकणारी पट्टी खाली उतरवा, रंगारी भिंतीच्याच रंगात रंगवून देईल. अंतर अंदाजे नको. सुतळी धरा: वर, आडवं, परत खाली.

सांजवारा
सुतळीने मोजलं. लांबच्या स्पीकरला १४ मीटर! स्पीकर ६ ओहमचे.

वायरमन_काका
मग २.५ स्क्वेअर एमएम जाडीची वायर घ्या. जाऊन-येऊन २८ मीटर तार होते. १.५ ची घेतली तर रोध ०.३७ ओहमच्या आसपास जातो, आणि तो स्पीकरच्या ६ ओहमच्या ५ टक्के, म्हणजे ०.३ च्या आत ठेवावा. २.५ मध्ये ०.२२ वर येतो.

तानपुरा
आकड्यांनी संगीत ऐकू येत नाही काका. कानांवर विश्वास ठेवा.

वायरमन_काका
तुमच्या कानांवर विश्वास आहे. पण तुमची जुनी वायर बारीक असणार, फरक जाडीने पडला. खरी फसवणूक तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या वायरीत आहे. दुकानातच टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरं चमकलं तर परत करा.

सांजवारा
पहिल्या दुकानात पांढरंच निघालं! दुसरीकडून आणली. पाइप आणि वायर टाकून झाली, बोर्डही लागले. पण दोन्ही तारा काळ्या आहेत, प्लस कुठली कळत नाही.

वायरमन_काका
अँप्लिफायरकडची टोकं सुटी ठेवा. तिथे दीड व्होल्टचा सेल क्षणभरच टेकवा आणि मागे कुणालातरी स्पीकर बघायला सांगा. स्पीकरचा कोन (मधला शंकू) बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली तार ती प्लस.

सांजवारा
मुलीला बघायला उभं केलं. उजव्याचा बाहेर आला, डाव्याचा आत गेला. डावीकडच्या तारा उलटवल्या, आता दोन्ही बाहेर येतात. टोकांना लाल टेप लावलीय. काका, पाया_पक्का, खूप आभार. इलेक्ट्रिशियनलाही हा धागा दाखवला.

मीठभाकरी
सबवूफर कुठे ठेवणार? खालच्या मजल्यावर कोण राहतं?