मुलीचं हुडखालचं फ्लाइंग सुरू झालंय, तिला नेमकं काय विचारू?

नौपाड्याची_आई
नमस्कार मंडळी. लेक विदर्भात सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, करतेय, सेसना १७२ वर. परवा फोनवर म्हणाली, "आई, आजपासून हुड लावून उडवायचं." टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात तसलं काहीतरी डोक्यावर चढवतात म्हणे. बाहेरचं काही दिसत नाही, फक्त समोरची घड्याळं. मी तीस वर्षं पोस्टात काढली, विमानातलं मला ओ की ठो कळत नाही. पण चालवणाऱ्याचे डोळे झाकायचे आणि त्याला शिक्षण म्हणायचं, हे काही पचत नाही. तिला विचारलं की एकच उत्तर, "तू टेन्शन घेऊ नकोस." तिचे बाबा तर विषयच काढू देत नाहीत. यात खरा धोका कशात असतो? आणि असं काय विचारू की ती हसण्यावारी नेणार नाही?

खारघरचा_मास्तर
ताई, बावीस वर्षं उजव्या सीटवर बसून पोरांना हेच शिकवलं, म्हणून लिहितो.

आधी एक करून बघा. घरात फिरती खुर्ची असेल तर तीवर बसा, मान ताठ, डोळे मिटलेले. कुणाला तरी एका लयीत हळूहळू फिरवायला सांगा. ज्या दिशेला फिरताय असं वाटेल तिकडे अंगठा दाखवायचा. वीसेक सेकंदांत वाटेल, खुर्ची थांबली. थांबलेली नसते. कानातल्या नळ्यांमधलं पाणी तुमच्याच वेगानं फिरायला लागलेलं असतं, म्हणून कान गप्प बसतो. मग खुर्ची खरंच थांबवली की तुमचा अंगठा उलट्या दिशेला जाईल. बघणारे हसतील.

ढगात हेच होतं, आणि तिथे हसायला कुणी नसतं. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात २० वैमानिकांवर प्रयोग केला होता. घड्याळांवर उडवायची सवय नसलेले वैमानिक, बाहेरचं दिसणं बंद केलेलं. विमान हाताबाहेर जायला सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. हुड म्हणजे त्या ढगाची रंगीत तालीम. ती झालीच पाहिजे.

धोका हुडात नसतो. ज्याच्या डोक्यावर हुड नाही, तो कुठे बघतोय त्यात असतो. माझंच सांगतो. एका व्हीओआरवर होल्डिंग चाललं होतं. व्हीओआर म्हणजे जमिनीवरचा रेडिओचा खांब समजा, आजूबाजूचे सगळे शिकाऊ त्याच्याच डोक्यावर घिरट्या घालतात. पोरगा छान उडवत होता, म्हणून मी खाली मान घालून लॉगबुकात आकडे भरत बसलो. मान वर केली तर उजवीकडून, आमच्या किंचित वर, दुसऱ्या विमानाचं पोट. पांढरं, आणि त्यावर इंजिनापासून शेपटीकडे गेलेली ऑइलची काळी रेघ. रेघ दिसली यावरून अंतर ओळखा. "आय हॅव कंट्रोल्स" ओरडून विमान खाली दाबलं. हुडखालून पोरगा विचारतो, "सर, माझं हेडिंग चुकलं का?" हेडिंग, म्हणजे विमानाच्या नाकाची दिशा, बरोबर होतं त्याचं. चूक माझी होती.

तेव्हा लेकीला पहिलं हे विचारा: तू हुडखाली असतेस तेव्हा तुझे सर कुठे बघत असतात?

दुसरं: सक्शन गेलं तर काय करशील? जुन्या विमानांत हॉरिझन नावाचं, विमान किती कललंय ते दाखवणारं घड्याळ हवा खेचणाऱ्या व्हॅक्यूम पंपावर चालतं; ते खेचणं म्हणजे सक्शन. पंप बंद पडला की ते लगेच मरत नाही, आतला भोवरा मंदावत जातो आणि घड्याळ सावकाश कलतं. वैमानिक त्याच्यावर विश्वास ठेवून सोबत कलत जातो. टर्न कोऑर्डिनेटर, म्हणजे वळण दाखवणारं घड्याळ, बहुधा विजेवर असतो, त्याच्याशी ताडून बघायची सवय लागते ती इथेच. मी उडताना न सांगता हॉरिझनवर पिवळी चिठ्ठी चिकटवायचो. पोरं मनात शिव्या देत असणार. तिचं विमान घड्याळांऐवजी काचेच्या पडद्यांचं, म्हणजे स्क्रीनवालं, असेल तर प्रश्न तोच, उत्तर वेगळं येईल.

ऐरोलीकर_सीपीएल
काकू, मास्तरांना अनुमोदन. माझ्याकडून दोनच.

पेन पडलं तर पडू द्यायचं. वळणात असताना हुडखाली मान वाकवून उचलायला गेलं की डोकं असं गरगरतं की विमान उलटं झालंय असं वाटतं. मी एकदा वाकले. आता दोन पेनं नाडीनं नीबोर्डला, म्हणजे मांडीवर बांधायच्या लिहायच्या पाटीला, बांधलेली असतात.

आणि दमणूक. मे महिन्यात तिकडे पारा चाळिशीच्या वर, कॉकपिटला एसी नाही, हुडखाली घाम डोळ्यांत. दिवसाच्या तिसऱ्या सॉर्टीला, म्हणजे उड्डाणाला, मी एकदा "नाही जमणार" म्हटलं. सर चार दिवस नीट बोलले नाहीत, त्यापलीकडे काही झालं नाही. इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या, म्हणजे फक्त घड्याळांवर उडवायच्या परवानगीच्या, ४० तासांतले २० पर्यंत सिम्युलेटरवर चालतात, तिथे वाट्टेल तितक्या वेळा आपटा.

नौपाड्याची_आई
खुर्ची केली. भाच्यानं फिरवली, अंगठा उलटा गेला, चहा नंतर घेतला. ठाण्याला शेजारची लोकल हलली की आपलीच सुटली असं वाटतं, त्याच्या दसपट.

रात्री लेकीला सक्शनचं विचारलं. आधी "तुला कुणी सांगितलं हे?" मग चाळीस मिनिटं बोलली. सगळं धड समजलं नाही, पण तिला येतं एवढं समजलं. सर कुठे बघतात विचारल्यावर मात्र जरा थांबली. म्हणाली, "बघतात गं. कधीकधी लॉगबुक लिहितात."

खारघरचा_मास्तर
लॉगबुक खाली उतरल्यावर लिहितात. तिला सांगा, हुड चढवायच्या आधी रोज विचारायचं, "सर, बाहेर तुम्ही बघताय ना?" मला एका पोरीनं असं तोंडावर विचारलं होतं. राग आला. पेन खिशात ठेवलं.