मदत हवी आहे: सीएनसी राउटरवर व्हिनिअरच्या कपच्या उडतायत

नमस्कार मंडळी, आमचं सांगलीला फर्निचरचं वर्कशॉप आहे, बाबा पिढीजात सुतार, आणि आता एका वाचनालयासाठी खिळा-स्क्रू न लावता एकमेकांत अडकणारी बाकं सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या कापायच्या मशीनवर) कापायचं काम आलंय. माल १८ एमएमचा सागवान व्हिनिअरवाला (वर सागाचा पातळ थर चिकटवलेला) प्लाय, बिट (फिरणारं कापायचं पातं) ६ एमएमचं दोन धारांचं अपकट, स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) १८००० आरपीएम, फीड (बिट पुढे सरकायचा वेग) मिनिटाला ३६०० एमएम म्हणजे दर धारेला ०.१ एमएम चिप, ते ठीकच आहे, पण लाकडाच्या रेषांना आडवा काप आला की वरचं व्हिनिअर कपच्या उडून खराब होतं, खालची कड मात्र एकदम स्वच्छ. अपकट भुसा वर ओढतं म्हणून होतं हे कळतंय, पण डाऊनकट लावलं तर भुसा खाचेतच दाबला जातो आणि बिट तापतं. मग कॉम्प्रेशन बिट (टोकाला अपकट, वर डाऊनकट असलेलं) घ्यावं म्हणतोय, त्यात पहिला पास (कापाची पहिली फेरी) टोकाच्या अपकट भागापेक्षा खोल घ्यावा लागतो ना, तर २.२ किलोवॉटच्या स्पिंडलला पहिल्याच पासला ८ एमएम झेपेल का? कोणी चालवलंय का?

दुसरं म्हणजे १८ चा प्लाय कॅलिपरने मोजला की कुठे १७.४ तर कुठे १७.८ भरतो, तुम्ही प्रत्येक शीट मोजून ड्रॉइंग बदलता का?

आणि आतल्या कोपऱ्यात ३ एमएमची गोलाई राहते म्हणून डॉगबोन (कोपऱ्यात थोडं जास्त कापलेली गोल भोकं) दिलेत, ती भोकं बाबांना अजिबात पसंत नाहीत, पटाशीने कोपरे चौकोनी करू म्हणतात, आणि खरं सांगतो, मलाही तेच देखणं वाटतं. पण ऑर्डर मोठी आहे, डॉगबोन न दिसेल अशी काही युक्ती असेल तर प्लीज सांगा.