हुकूमशहाचं बालपण वाचून डोळे भरून आले, काय करू?

प्रश्न
गेले दोन महिने युरोपचा इतिहास वाचतेय. पहिलं महायुद्ध सुरळीत पार पडलं (वाचून, म्हणजे!) आणि हिटलरपाशी येऊन गाडी अडली. बाप आलोईस कस्टम्समधला अधिकारी, तापट, हात उचलणारा. थोरला सावत्र भाऊ वैतागून घर सोडून गेला आणि मार अडॉल्फच्या वाट्याला आला. धाकटा एडमंड १९०० साली गोवराने गेला, बाप १९०३ ला, आणि १९०७ च्या डिसेंबरात आई क्लारा, स्तनाच्या कर्करोगाने. तिच्या उघड्या जखमेवर आयोडोफॉर्मच्या (जंतुनाशक औषधाच्या) पट्ट्या ठेवायचे, तिथे मी पुस्तक मिटलं. डोळे भरले होते. कोणाच्या घरासाठी, हे लक्षात आल्यावर स्वतःचाच राग आला. मन वळवायला स्टालिन काढला, तर तिथेही जोडे शिवणारा दारुडा बाप, लोकांचे कपडे धुणारी आई आणि चेहऱ्यावर देवीचे वण. मग काय, मार खाल्लेलं पोर म्हणजे उद्याचा हुकूमशहा?

प्रतिसाद १
नाही हो. त्या काळी युरोपात पोरांना बडवणारे बाप गल्लोगल्ली होते. अडॉल्फची सख्खी बहीण पाउला त्याच घरातली. ती १९६० पर्यंत जगली, तिने कुठला देश जाळला? उलट रशियन क्रांतीचा नेता लेनिन बघा. वडील शाळा-निरीक्षक, घरात पुस्तकं, सगळं व्यवस्थित. भावाला १८८७ मध्ये फाशी झाली हे खरं, पण तोवर बालपण सरलं होतं.

प्रतिसाद २
स्पेनचा हुकूमशहा फ्रँको राहिला. बाप १९०७ च्या सुमारास बायको-मुलांना टाकून माद्रिदला गेला. त्याच घरातला धाकटा रामोन वैमानिक झाला आणि १९३० मध्ये त्याने राजवाड्यावरून राजेशाहीविरोधी पत्रकं टाकली! (यादवीत मात्र भावाच्याच बाजूने गेला, ते सोडा.) माझं म्हणणं, बालपणावर इतकं थांबू नका. हिटलरच्या नाझी पक्षाला १९२८ मध्ये २.६ टक्के मतं होती, जुलै १९३२ मध्ये ३७.३. मधल्या चार वर्षांत अडॉल्फचं बालपण काही बदललं नव्हतं. बदलली ती लाखोंची बेकारी.

प्रतिसाद ३
क्लारावर उपचार करणारे ऑस्ट्रियातल्या लिंझचे डॉक्टर एडुआर्ड ब्लॉख ज्यू होते. इतका शोक करणारा मुलगा आपण पाहिला नाही, असं त्यांनीच पुढे सांगितलं. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया जर्मनीला जोडल्यावर त्यांना संरक्षण मिळालं, १९४० मध्ये अमेरिकेला जाता आलं. म्हणजे उपकार आठवत होते गृहस्थाला. बाकीच्या ज्यूंचं काय झालं ते तुम्ही वाचालच.

मूळ प्रश्नकर्ती
ब्लॉखचं वाचून अंगावर काटा आला. कीव करण्यापेक्षा हे जास्त छळतंय. रडले ते क्लारासाठी, असं ठरवून टाकलंय. त्या बाईने कोणाचं काय वाकडं केलं होतं? आता १९२८ चं पान काढून बसलेय. बेकारीचे आकडे आले की परत येते.